रंगावर जाऊ नका: वनस्पतींचे अर्क, स्टेम सेल आणि चेतापेशी

मागच्या हंगामात मामांच्या गुऱ्हाळावर गेले होते. कोल्हापूरपासून तासाभराच्या अंतरावर, नदीकाठच्या काळ्या रानात त्यांचं गुऱ्हाळघर आहे. काहिलीत रस उकळत होता, गडी झाऱ्यानं मळी काढत होते आणि मामा बाजेवर बसून उजवा हात डाव्या हातानं धरून होते. दीड वर्षापासून तो हात थरथरतोय. डॉक्टरांनी पार्किन्सनचं निदान केलंय, आमच्याकडे त्याला कंपवात म्हणतात.

मला बघताच त्यांनी मोबाइल पुढं केला. "पोरी, हे वाच आणि खरं हाय का सांग."

व्हॉट्सॲपवर फिरणारा मजकूर होता. हळद आणि ब्राह्मीच्या अर्कानं स्टेम सेलपासून मेंदूच्या नव्या नसा तयार झाल्या, आता कंपवात, लकवा, विसरभोळेपणा मुळापासून बरे होणार. खाली हात जोडलेले तीन इमोजी आणि 'सर्वांना पाठवा'.

मी दोन वर्षं पेशी वाढवण्याच्या प्रयोगशाळेत काढली आहेत, आता कॉलेजात शिकवते. एवढ्या भांडवलावर घरात मी या विषयातली 'डॉक्टर' ठरते. पण उत्तर द्यायला अडखळले, कारण तो मजकूर साफ खोटा नव्हता. साफ खोटा असता तर पुसून मोकळी झाले असते. त्याचं अर्धं वाक्य प्रयोगशाळेत खरं आहे, आणि उरलेलं अर्धं कुणीतरी घरी बसून जोडलेलं आहे. ही जोड कुठे बसवलीय ते मामांना दाखवायचं होतं. हाताशी उदाहरण शोधायला लांब जावं लागलं नाही, समोर काहील उकळतच होती.

आधी 'नस' म्हणजे काय ते ठरवू

आपण 'नस' हा शब्द फार सैल वापरतो. सलाइन लावताना सापडत नाही ती नस, कमरेत दबते तीही नस आणि एखाद्याची कमजोरी ओळखली की 'नस सापडली'. यातली पहिली रक्तवाहिनी आहे. दुसरी मज्जातंतू, म्हणजे चेतापेशींच्या लांब धाग्यांची जुडी. हा लेख त्या धाग्याच्या मालकिणीबद्दल आहे: चेतापेशी. माणसाच्या मेंदूत अशा साधारण ८६ अब्ज पेशी असतात. एका टोकाला फांद्यांचा पसारा, दुसऱ्या टोकाला एक लांब धागा, आणि काम एकच. आलेला निरोप विजेच्या झटक्याच्या रूपात पुढं धाडायचा.

त्वचा खरचटली की भरून येते, रक्त दिलं की पुन्हा तयार होतं. चेतापेशींचं तसं नाही. एकदा तयार झालेली चेतापेशी सहसा दुभंगून दुसरी बनवत नाही. कंपवातात मेंदूच्या खोल भागातल्या डोपामिन, म्हणजे हालचालींचा निरोप नेणारं रसायन, बनवणाऱ्या पेशी हळूहळू मरत जातात, आणि हात थरथरायला लागतो तोवर बऱ्याच गेलेल्या असतात. म्हणून शास्त्रज्ञांना वाटतं, बाहेर नव्या चेतापेशी बनवता आल्या तर? त्यासाठी कच्चा माल लागतो. तो म्हणजे स्टेम सेल, पुढं कोण व्हायचं ते अजून पक्कं न ठरलेली मूळ पेशी.

रस, काकवी, गूळ

उसाचा रस एकच असतो. चुलवाणावर चढला की ठरावीक टप्प्याला उतरवला तर काकवी, आणखी आटवला तर गूळ. रसापाशी सगळ्या वाटा खुल्या असतात, पुढं गेलं की एकेक वाट बंद होत जाते. ढेप झालेला गूळ पाण्यात विरघळवला तर गुळाचं पाणी मिळतं, रस मिळत नाही.

शरीरातल्या पेशींचं असंच. गर्भाच्या अगदी सुरुवातीच्या पेशी रसासारख्या असतात. त्यांच्यातून हाड, रक्त, कातडी, मेंदू, काहीही बनू शकतं. १९९८ साली अमेरिकेत जेम्स थॉमसन यांनी माणसाच्या गर्भातल्या अशा पेशी पहिल्यांदा प्रयोगशाळेत वाढवल्या. पण गर्भ वापरायचा म्हटलं की नैतिक प्रश्न आलेच. मग २००६ मध्ये जपानच्या शिन्या यामानाका यांनी अशक्य वाटणारी गोष्ट केली. उंदराच्या कातडीतल्या साध्या पेशीत चार जनुकं घालून तिला पुन्हा सुरुवातीच्या अवस्थेत नेलं. गुळाचा परत रस केला म्हणा ना. पुढच्याच वर्षी माणसाच्या पेशींवरही ते जमलं आणि २०१२ साली त्यांना जॉन गर्डन यांच्याबरोबर नोबेल मिळालं.

तिसरा प्रकार आपल्याकडच्या प्रयोगशाळांत जास्त दिसतो, कारण तो स्वस्त आणि सहज मिळणारा आहे. अस्थिमज्जा, चरबी, दाताचा गाभा, बाळाची नाळ आणि वार यांत मेसेनकायमल नावाच्या पेशी असतात. आपल्याकडे पूर्वी वार परसात पुरायचे. आता दवाखान्यात ती पिवळ्या पिशवीतून कचऱ्यात जाते. आईची संमती आणि नैतिकता समितीची परवानगी असेल तर तीच वार प्रयोगशाळेत येते. कोल्हापूरलाही हा विषय नवा नाही, कसबा बावड्यातल्या डी. वाय. पाटील अभिमत विद्यापीठात स्टेम सेल आणि रिजनरेटिव्ह मेडिसिनचा वेगळा विभाग आहे. माझी प्रयोगशाळा मात्र दुसऱ्या गावात होती.

या पेशी मुळात हाड, कूर्चा आणि चरबी बनवणाऱ्या वाटेवरच्या. रसाच्या पुढं गेलेल्या, काकवीच्या जवळ आलेल्या. त्यांना चेतापेशीच्या वाटेला वळवणं म्हणजे आडवाट धरायला लावणं आहे, आणि या लेखातली सगळी भानगड त्या आडवाटेवरच घडते.

पेशीचं मन कसं वळतं

प्रत्येक पेशीत जनुकांचा तोच संच असतो. यकृताच्या पेशीतही चेतापेशी बनण्याची सगळी कृती लिहिलेली असते, फक्त त्या पानांना कुलूप असतं. पेशी कोण होणार हे कुठली कुलपं उघडी आणि कुठली बंद यावर ठरतं. बाहेरून येणारे संकेत ही कुलपं हलवतात. गर्भात हे काम वाढीची प्रथिनं करतात. त्यातलं एक, चेतातंतूंची वाढ करणारं प्रथिन शोधल्याबद्दल रीटा लेवी-मोंताल्चिनी आणि स्टॅन्ली कोहेन यांना १९८६ चं नोबेल मिळालं.

प्रयोगशाळेत ही प्रथिनं विकत आणावी लागतात. मायक्रोग्रॅमच्या हिशेबानं येतात, बिल पाहून डोळे पांढरे होतात, बर्फातून यावी लागतात आणि वाटेत गाडी उन्हात थांबली तर संपलं. त्यामुळे सगळ्यांची नजर छोट्या, टिकाऊ, स्वस्त रेणूंकडे वळली. असे रेणू पेशीच्या पातळ आवरणातून सहज आत शिरतात आणि काम झालं की धुऊन टाकता येतात. अशा रेणूंचं सगळ्यांत मोठं कोठार म्हणजे झाडं. झाडाला पळता येत नाही. कीड, बुरशी, गुरं यांच्याशी त्याला रसायनांनीच लढावं लागतं, आणि ती रसायनं दुसऱ्याच्या पेशीत ढवळाढवळ करण्यासाठीच घडलेली असतात. आपल्या घाटातल्या नरक्याचं उदाहरण घ्या. त्याच्यात कॅम्प्टोथेसिन असतं. ते पेशींचं विभाजन थांबवतं, म्हणून त्याच्यापासून कर्करोगाची औषधं बनतात आणि म्हणूनच त्याची चोरटी तोड होते. 'वनस्पतीजन्य आहे, अपाय नाही' असं म्हणणाऱ्यांनी नरक्याकडे एकदा बघावं.

बरं, या गोष्टीतला खरा नायक हळद नाही, ब्राह्मीही नाही. तो आहे माईनमुळा. जुन्या घरांत ज्याच्या मुळ्यांचं लोणचं घालायचे, तो. शेतकरी त्याला कोलियस म्हणून ओळखतात. १९७० च्या दशकात मुंबईत मुलुंडला हेक्स्ट या जर्मन औषध कंपनीच्या संशोधन केंद्रात भारतीय वनस्पती एकामागून एक तपासल्या जात होत्या, रक्तदाब आणि हृदयावर काय काम करतं ते शोधायला. या मुळातून एक रेणू हाती लागला. त्याचं नाव फोर्सकोलिन. हे नाव अठराव्या शतकातल्या पीटर फोर्स्कोल या निसर्ग अभ्यासकावरून आलं. तो बिचारा येमेनमध्ये वनस्पती गोळा करता करता मलेरियानं गेला.

फोर्सकोलिन पेशीतल्या एका विकराला (एन्झाइमला) थेट चालू करतं. तो विकर सायक्लिक एएमपी नावाचा रेणू भराभर बनवतो. हा रेणू म्हणजे पेशीच्या आतला सांगावा नेणारा गडी. बाहेरून आलेला निरोप तो केंद्रकापर्यंत पोचवतो आणि तिथली काही कुलपं उघडतात. त्यांत चेतापेशीच्या वाढीशी संबंधित जनुकंही असतात. या गड्याचा शोध लावणाऱ्या अर्ल सदरलँड यांना १९७१ चं नोबेल मिळालं होतं. तोवर त्याला मनाजोगं पळवायचं सोपं बटण मात्र हाताशी नव्हतं. ते लोणच्याच्या मुळीत निघालं.

पुढं याचं काय झालं बघा. २०१३ साली पेकिंग विद्यापीठातल्या डेंग होंगकुई यांच्या गटानं उंदराच्या साध्या पेशी नुसत्या रसायनांनी, एकही जनुक न घालता, स्टेम सेलच्या अवस्थेत नेल्या. सात रसायनांच्या त्या मिश्रणात फोर्सकोलिन होतं. २०१५ मध्ये चीनमधल्याच दोन गटांनी त्याही पुढची पायरी गाठली. कातडीखालच्या पेशीला स्टेम सेलच्या अवस्थेत न नेता, रसायनांच्या मिश्रणानं सरळ चेतापेशी बनवलं. एका गटानं उंदराच्या पेशी घेतल्या, दुसऱ्यानं माणसाच्या. दोन्ही मिश्रणांत फोर्सकोलिन होतंच. मिश्रणातली बाकीची बहुतेक रसायनं कारखान्यात घडवलेली होती, पण माईनमुळा तिथंही हजर.

म्हणजे वनस्पतीच्या रेणूनं पेशीचं नशीब पालटायला मदत होते, ही गोष्ट पक्की आहे. मात्र शब्द नीट बघा. एक शुद्ध रेणू, मोजलेली मात्रा, इतर रसायनांची साथ, आणि सगळं काचेच्या बशीत. रोज सकाळी चमचाभर चूर्ण घेणं आणि हे, यांत मुंबई-कोल्हापूरएवढं अंतर आहे.

जीवनसत्त्व अ पासून शरीर बनवतं ते रेटिनोइक आम्लही या कामातलं जुनं आणि भरवशाचं हत्यार. गाजर, शेवग्याचा पाला यांतल्या कॅरोटीनपासून शरीर ते जीवनसत्त्व तयार करतं. गर्भात मेंदू आणि कणा घडताना रेटिनोइक आम्ल लागतंच, पण नको त्या वेळी जास्त झालं की बाळात व्यंग येतं. म्हणून मुरमांच्या काही गोळ्या गरोदर बाईला सक्त मना असतात. रेणू तोच, वेळ आणि मात्रा बदलली की काम उलटं.

हायड्रॉसचा गूळ

इथवर ऐकून मामा म्हणाले, "मग झालं की. खरंच हाय म्हण की."

मी काहिलीकडे बोट दाखवलं. "मामा, तुमच्या गुळाला बाजारात दर कमी का मिळतो?"

हा त्यांच्या दुखण्यावर बोट ठेवणारा प्रश्न होता. मामा रस स्वच्छ करायला ठेचलेल्या रानभेंडीचा चिकट रस वापरतात, जसा त्यांच्या वडिलांनी वापरला. गूळ तांबूस होतो. काही जण हायड्रॉस नावाची पावडर टाकतात, मग ढेप पिवळीधमक दिसते. गिऱ्हाईक पिवळं बघून भुलतं. चव तीच किंवा कमी, वर शरीरात नको ते रसायन.

"रंगावर जाऊ नये," मामा म्हणाले.

पेशींच्या जगात नेमका असाच एक हायड्रॉस प्रसंग झालाय. २००० साली अमेरिकेतल्या एका गटानं जाहीर केलं की अस्थिमज्जेतल्या पेशींवर काही साधी रसायनं टाकली की काही तासांत त्या चेतापेशींसारख्या होतात. गोल अंग, लांब शेपट्या, चेतापेशीत सापडणारी प्रथिनंही. जगभर खळबळ माजली. शेकडो प्रयोगशाळांनी ती कृती उचलली.

'काही तासांत' याच शब्दांशी थांबायला हवं होतं. गर्भात चेतापेशी घडायला दिवस-आठवडे लागतात. २००४ साली कॅलिफोर्नियात पॉल लू आणि मार्क टुझिन्स्की यांच्या गटानं तो बदल नीट तपासला. निघालं काय? पेशींना नव्या शेपट्या फुटल्याच नव्हत्या. विषारी रसायनाच्या धक्क्यानं त्या आकसत होत्या, अंग गोळा होत होतं आणि काचेला जिथं चिकटल्या होत्या तिथले धागे मागे ताणलेले राहत होते. तेच शेपट्यांसारखे दिसत होते. त्यांनी नुसतं भरपूर मीठ टाकून बघितलं, साबणासारखी रसायनं टाकून बघितली, तरी तसाच आकार आला. मिठानं चेतापेशी बनते असं कुणीच म्हणणार नाही. ओढ्यातला खेकडा गरम पाण्यात पाय आखडतो, त्याला नाच म्हणायचं का?

हे सांगायचं कारण असं की वनस्पतींच्या अर्कांवरचे बरेच प्रयोग याच सापळ्याच्या काठावर उभे असतात. अर्क टाकला, पेशी लांब झाल्या, फोटो काढला, बातमी. माझा स्वतःचाही एकदा पाय घसरला होता.

नाळेतल्या पेशी मी वाढवत होते. बशीत त्या रंकाळ्यातल्या छोट्या माशांच्या थव्यासारख्या एकाच दिशेला तोंड करून पसरतात. निमुळत्या, शांत. ३७ अंश तापमान, हवेत ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, वर गुलाबी माध्यम, म्हणजे पेशींचं पातळ खाद्य. ते पिवळं पडलं की समजायचं पेशींनी खाऊन संपवलं, बदला आता. त्यांच्यावर हळदीतलं कर्क्युमिन टाकायचं होतं. कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, म्हणून डीएमएसओ नावाच्या द्रावकात विरघळवून टाकलं. चौथ्या-पाचव्या दिवशी चेतापेशीच्या खुणेचं प्रथिन शोधणारा हिरवा चमकणारा रंग लावला आणि अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाखाली बशी ठेवली. सगळ्या पेशी हिरव्यागार! मी उड्या मारायच्या बाकी होते.

आमच्या सरांनी एकच प्रश्न विचारला. "रंग न लावलेली बशी कुठाय?"

ती आणली. तीही हिरवीगार. कर्क्युमिन स्वतःच चमकतं. निळ्या प्रकाशाखाली हळद चकाकते हे लहानपणापासून माहीत असून माझ्या डोक्यात आलं नव्हतं. पेशीनं चेतापेशीचं प्रथिन बनवलंय की हळद पिऊन ती पिवळी झालीय, हे त्या चमकीवरून कळायला मार्ग नव्हता. त्यात डीएमएसओ हे २००० सालच्या त्या कृतीतलंच एक रसायन. म्हणून दुसऱ्या बशीत तेवढंच डीएमएसओ, पण कर्क्युमिन नाही, अशी जोड ठेवावीच लागते. माझ्या त्या प्रयोगाचे फोटो अजून जुन्या पेनड्राइव्हवर आहेत. सुंदर दिसतात.

मग खरी चेतापेशी कशी ओळखायची

गुळव्या रंगावर जात नाही. पाक थोडा काढतो, थंड पाण्यात सोडतो, बोटांनी गोळी वळतो आणि टणक जागी आपटतो. आवाज आला तर गूळ झाला. गोळी दबली तर अजून वेळ आहे.

चेतापेशीचीही अशीच परीक्षा असते. पहिली पायरी खुणेच्या प्रथिनांची. नेस्टिन दिसलं तर पेशी वाटेला लागलीय एवढंच समजायचं, कोवळ्या अवस्थेची खूण ती. बीटा-थ्री ट्युब्युलिन आणि पुढं मॅप-टू दिसलं तर पिकत चाललीय. ही प्रथिनं बाकीच्या पेशींतही कधी कधी थोडीफार असतात, म्हणून एकट्या खुणेवर विश्वास ठेवायचा नाही. आणि जीएफएपी दिसलं तर आपण चेतापेशी नाही, तिची सोबतीण बनवलीय. मेंदूत त्याही असतात, पण त्या ठिणगी टाकत नाहीत.

दुसरी पायरी ठिणगीची. शांत बसलेल्या चेतापेशीच्या आत बाहेरच्या तुलनेत साधारण उणे ७० मिलिव्होल्ट विजेचा दाब असतो. ती उठली की सोडियमची दारं उघडतात, दाब एका झटक्यात वर उसळतो आणि साधारण मिलिसेकंदात खाली येतो. हे मोजायला केसाहून कितीतरी बारीक काचेची नळी पेशीच्या आवरणाला चिकटवतात. या तंत्राबद्दल अर्विन नेहेर आणि बर्ट साकमान यांना १९९१ चं नोबेल मिळालं. पडद्यावर ती उंच, टोकदार रेघ दिसली आणि पुन्हा पुन्हा दिसली, तर गोळीचा आवाज आला म्हणायचं. २०१५ च्या त्या दोन कामांना वजन आहे ते यामुळेच, त्यांच्या पेशींनी ठिणगी टाकली. त्याही पुढं तिसरी पायरी असते: ती पेशी शेजारणीशी जोडली जाऊन निरोप देते-घेते का?

हळद, ब्राह्मी, अश्वगंधा यांवरचे कितीतरी प्रयोग पहिल्या पायरीवर थांबलेले आहेत. ते खोटे आहेत असं नाही, अर्धवट आहेत. ही परीक्षा महागडी आणि वेळखाऊ असते. एक चांगली पेशी पकडायला अख्खी दुपार जाते.

अर्क म्हणजे एक वस्तू नव्हे

ब्राह्मीचाच घोटाळा घ्या. बाजारात ब्राह्मी म्हणून दोन वेगळ्या वनस्पती मिळतात. एक ओढ्याकाठची मांसल, छोट्या पानांची बाकोपा. दुसरी मंडूकपर्णी, पैशाएवढ्या गोल पानांची. दोन्हींतली रसायनं वेगळी आहेत. दोन्हींवर वेगवेगळे प्रयोग आहेत, आणि निरोप फिरवणारा 'ब्राह्मी' एवढंच लिहून मोकळा होतो. वर कुठल्या जमिनीतली, कुठल्या महिन्यात काढलेली, पाण्यात काढलेला अर्क की अल्कोहोलात, यानं आतला मसाला बदलतो. लावणीच्या उसाचा आणि खोडव्याचा गूळ एक नसतो हे मामांना सांगायची गरज पडली नाही. म्हणून ज्या प्रयोगात अर्कातल्या रसायनांचं मोजमाप दिलेलं नाही, तो पुन्हा कुणाला करून बघताच येत नाही.

हळदीचं गणित जवळून बघण्यासारखं आहे, सांगली शेजारी असताना तर नक्कीच. २००८ च्या एका प्रयोगात उंदराच्या मेंदूतल्या कोवळ्या पेशी कर्क्युमिनच्या कमी मात्रेनं वाढल्या आणि जास्त मात्रेनं मेल्या. बशीतली कमी मात्रा किती कमी असते? एक मायक्रोमोलर म्हणजे लिटरभर माध्यमात एक मिलिग्रॅमच्या साधारण तिसऱ्या हिश्शाइतकं कर्क्युमिन. घरच्या हळदीत साधारण ३ टक्के कर्क्युमिन असतं, म्हणजे चमचाभर हळदीत ते पुष्कळच झालं की! पण पोटातून रक्तात फारच थोडं शिरतं, शिरलेलं यकृत पटकन निकामी करतं, आणि उरलेल्याला रक्त आणि मेंदू यांमधली चाळण अडवते. २०१७ साली रसायनशास्त्रज्ञांच्या एका मोठ्या आढाव्यानं कर्क्युमिनवर बरीच कठोर टीका केली होती: रेणू अस्थिर आहे, चमकतो, चाचण्यांना फसवतो, आणि माणसांवरच्या काटेकोर चाचणीत यशाचा पुरावा नाही. भाजीत, दुधात हळद घालतच राहा. त्यातून मेंदूच्या पेशी पिकतील ही अपेक्षा मात्र सोडा.

अश्वगंधेबद्दल एवढंच की तिच्यातल्या एका रेणूनं चेतापेशींच्या फांद्या वाढल्याचं जपानी संशोधकांनी दाखवलंय, आणि तिच्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही आहेत. दोन्ही एकाच झुडपाच्या गोष्टी.

मामांच्या हाताचं काय

खरा प्रश्न हाच होता, बाकी सगळं प्रस्तावना.

कंपवातासाठी नव्या चेतापेशी माणसाच्या मेंदूत घालण्याचं काम खरोखर चाललंय. एप्रिल २०२५ मध्ये जपानच्या क्योटो विद्यापीठातल्या गटानं सात रुग्णांची हकिकत प्रसिद्ध केली. यामानाकांच्या पद्धतीनं बनवलेल्या स्टेम सेलपासून डोपामिनच्या वाटेवरच्या पेशी तयार करून त्यांच्या मेंदूत सोडल्या होत्या. त्याच वेळी अमेरिकेतल्या एका गटानं गर्भपेशींपासून बनवलेल्या पेशी बारा जणांना दिल्याचं प्रसिद्ध केलं. पेशी टिकल्या, गाठी झाल्या नाहीत, काहींच्या हालचालीत सुधारणा दिसली. पण ही माणसं थोडी आहेत आणि तुलनेला दुसरा गट नव्हता. पुढच्या मोठ्या चाचण्या झाल्याशिवाय याला पक्का उपचार म्हणता येणार नाही. आणि त्यांना पेशी वळवताना मोजूनमापून बनवलेली प्रथिनं आणि रसायनं लागली, अर्काची बाटली नव्हे.

इकडे आपल्याकडे काही ठिकाणी 'स्टेम सेल थेरपी' लाखांनी विकली जाते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या, २०१७ च्या मार्गदर्शक सूचना याबाबत स्वच्छ आहेत. रक्ताच्या काही आजारांसाठी रक्त बनवणाऱ्या स्टेम सेलचं रोपण सोडलं तर बाकी सगळं फक्त संशोधन, तेही मान्यता घेतलेल्या चाचणीतच. चाचणीची देशाच्या नोंदवहीत, सीटीआरआयमध्ये, नोंद लागते आणि ती इंटरनेटवर कुणालाही बघता येते. चाचणीत भाग घेणाऱ्याकडून पेशींचे पैसे घ्यायचे नसतात. पैसे मागितले की तिथून उठायचं.

मामांनी विचारलं, "मग झाडपाल्यात काहीच न्हाई म्हणतीस?"

आहे की. आणि ते त्यांच्याच बांधावर. खाजकुयली. जिच्या शेंगेची कूस अंगाला लागली तर माणूस वेडापिसा होतो, तिच्या बियांत लेवोडोपा भरपूर असतो. कंपवाताच्या गोळीत असतो तोच रेणू. तो चाळण ओलांडून मेंदूत जातो आणि तिथं त्याचं डोपामिन होतं. नव्या पेशी बनत नाहीत, ज्या संपल्यात त्यांच्या मालाची भरपाई होते. एवढंच सांगून लगेच पुढचं वाक्यही सांगावं लागलं, कारण मामांची नजर बांधाकडे वळलेली होती. गोळीत लेवोडोपा मोजून असतो, सोबत त्याला वाटेत मोडू न देणारं औषध असतं. बियांत किती आहे ते वेलीगणिक बदलतं. गोळी चालू असताना वर बियांची पूड घेतली तर मात्रा बिघडते, चक्कर येते, हातपाय नको तसे वळवळू लागतात. डॉक्टरांना न विचारता नको.

"व्हय बाई, कळलं," मामा म्हणाले आणि मोबाइल खिशात टाकला. मजकूर पुसला की नाही ते मी बघितलं नाही.

तेवढ्यात काहिलीचा आवाज बदलला. मघाशी खळखळत होती, आता जड, थबथब असे बुडबुडे फुटत होते. गोळी बघायची वेळ. आजवर हे काम मामांशिवाय कुणी केलेलं नाही, पण उकळत्या पाकापाशी थरथरता हात न्यायचा कसा? त्यांच्या पोरानं पळीभर पाक थंड पाण्याच्या वाटीत सोडला, बोटांनी गोळी वळली आणि फरशीवर टाकली.

बद्द.

"अजून न्हाई," मामा डोळे मिटून बाजेवरूनच म्हणाले. "जाळ कमी कर. दोन मिनिटांनी परत बघ."

दोन मिनिटांनी गोळी पुन्हा फरशीवर पडली. टण्ण वाजली. मामांनी डोळे उघडले. "हां. उतरा आता."